भिंतींसकट

इकडे बस, याझना. सुरी नको, किसणी घे.
हे बटाटे आतूनसुद्धा जांभळे,
दोन दिवस बोटं रंगलेली राहतील. राहू देत.
तुझी बॅग कालपासून दाराशी आहे, तशीच बंद.
मी काही विचारलं नाही.
एलियेसेरने विचारलं, तर म्हणालीस, "नापास,"
आणि उठून कोंबड्यांना दाणे घालायला गेलीस,
ज्यांना मी नुकतेच घातले होते.

बरं. तू किस, मी बोलतो.

हे घर इथलं नाही.
हे समोरच्या केहुई बेटावरचं.
मोठ्या भूकंपात तिथली जमीन खचली,
भरतीचं पाणी वाफ्यांत शिरायला लागलं,
आणि एका सकाळी माझी आई, दोरालिसा, म्हणाली,
"लेमुईला जाऊ या."
बाप म्हणाला, "आणि घराचं काय?"
"तेच तर म्हणतेय."

बिऱ्हाड सगळेच हलवतात.
आम्ही भिंतींसकट हलवलं.

रोसामेलचे बैल आले. एक क्लावेल,
आणि दुसरा, ज्याचं नाव मी विसरलो,
आणि ते विसरणं मला रात्री उठवतं.
अकरा बैलजोड्या, गुडघाभर चिखल, घराखाली ओंडके.
मिंगाला आलेला माणूस पैसे घेत नाही.
त्याला जेवू घालायचं,
आणि उद्या त्याच्या घराला पाय फुटले
की आपण दोर घेऊन हजर.

सगळे म्हणाले, "दोरालिसा, चूल विझव."
ती विझवेना.
"विस्तव नसला तर ते घर कसलं? खोकं!"
पुढे तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

पाण्यात शिरताना घर कण्हलं,
म्हातारी गाय बसताना कण्हते तसं.
मग तरंगलं.
पुढे चार लाँची, भोवती रिकामी पिंपं,
आणि मधोमध आमचं घर, धुराड्यातून धूर सोडत,
जणू आत कुणी दुपारचं जेवण रांधतंय.
रांधत होतीच ती.

मी नऊ वर्षांचा. माझ्या हाती एक दोर दिलेला.
तो सुटला.
हे मी तुझ्या आजीलाही फार उशिरा सांगितलं.
मी मांजराकडे बघत होतो,
ते खिडकीत बसून समुद्र बघत होतं,
आणि तेवढ्यात सुटला.
घर गर्रकन वळलं, कोपरा खडकाला घासला.
तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.
कुणीतरी दोर धरला. कुणी, ते कधी कळलं नाही.
चाळीस माणसं होती.
ज्याला विचारावं तो म्हणे, मी नाही बुवा.

एलियेसेर, गोटी टाक जमिनीवर.
बघा. चुलीकडेच जाते.
तोच तो कोपरा, साठाहून जास्त वर्षं खाली.
बाप म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात सरळ करू.
तो उन्हाळा काही आला नाही.
तुमची आई याच उतारावर चालायला शिकली,
म्हणून सपाट रस्त्यावर ती जराशी डावीकडे झुकते.
नीट बघा कधी. तिला सांगू नका.

सात महिने मी ते पोटात ठेवलं.
मग एकदा आई मासे साफ करत होती, तेव्हा बोललो.
ती मान वर न करता म्हणाली,
"माहीत आहे. हात धू, जेवायला बस."

वाल्दिव्हियाची बस गुरुवारी असते.
पुढच्या गुरुवारीही असते.
हाडं किती म्हणालीस, दोनशे सहा?
माझ्यावर पाठ कर.
माझी सगळी दुखतात,
त्यामुळे कुठलं कुठे आहे ते मला बरोबर ठाऊक आहे.
एखादं चुकलीस, तर मी ओरडेनच.

झालं किसून? आता फडक्यात घाल, पिळ.
घट्ट. अजून.
आणि ते जांभळं पाणी लगेच फेकू नकोस,
थोडा वेळ राहू दे.
तळाशी पांढरं काही बसतं.